विहीर जागेवरच आहे

"जनाकाकू गेली वं. आता विहिरीचा मॅटर मिटला समज."

दादाचा फोन आला तो असा. पहिल्या वाक्याचं दुःख करावं की दुसऱ्याचा संताप, हे महिना उलटला तरी ठरत नाही... आज संतापच लिहिते.

मोताळा तालुक्यात आमच्या शेताला लागून काकूचं शेत. मधे धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यापलीकडे तिच्या बाजूला विहीर. काकांनी आणि तिने स्वतः खणलेली. कापूस वेचून घसा कोरडा पडला की आम्ही भावंडं तिकडेच पळायचो. काकू ओंजळीत पाणी ओतायची आणि वरून दटावायची, "पोट्टेहो, सांडू नका!" धुरा कुठे आहे हे आमच्या बाबांना पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या हयातीत कुणी मोजायला गेलं नाही.

बाबा गेले आणि दादाने मोजणी आणली. यंत्र आलं, नकाशा आला आणि हद्दीचा दगड थेट विहिरीच्या पलीकडे रोवला गेला. काकू मोजणीवाल्याला म्हणाली, "नकाशा चुकला अशीन तं नकाशा खोडा. विहीर काऊन हलवून राह्यले?" तो हसला. "हरकत घ्या, आजी." तिने हरकत घेतली, हेलपाटे घातले, तारखा पडत राहिल्या. दादाने मात्र लगेच तारेचं कुंपण ओढलं. ज्या पाण्यावर वाढला त्यालाच कुंपण! लाज कशी वाटली नाही याला?

काकू गेली त्या दिवशी मी पोचले, तर तिचा मुलगा वामन आमच्या दारात उभा. आईच्या शेवटच्या आंघोळीसाठी त्या विहिरीचं पाणी मागायला आलेला. मागायला! दादा म्हणतो, "ने ना बे, आपन का परके आहोत?" वामन खाली मान घालून गेला आणि दादा दानशूरासारखा ओट्यावर बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा शेतात गेले. काकूची बादली काठावर उपडी होती. पाणी काढून झालं की ती अशीच उपडी घालायची. दादा एक विसरला. बाबांच्या जमिनीवर माझंही नाव लागलंय, म्हणजे त्याचा नकाशा खरा धरला तर विहीर माझीही आहे. मी वामनला बोलावलं, तार कापायला लावली आणि फेरमोजणीचा अर्ज स्वतःच्या नावाने टाकला.

दादा धावत आला. "घरची असून घर फोडून राह्यली तू?"

"हाव," म्हटलं. "फोडून राह्यली."

वामनने बादली सुलटी केली.