कुंडावरची मावशी

नवरा गेल्यावर मावशीने सिनेगॉगमागच्या स्नानकुंडाचं काम धरलं. पाळीनंतर नवऱ्याजवळ जाण्याआधी ज्यू बायका तिथे बुडी मारायच्या. डोक्याचा केसही पाण्यावर राहिला नाही हे पाहून दुसऱ्या बाईने ‘शुद्ध’ म्हटल्याशिवाय बुडी पुरी होत नसे. ते म्हणायला मावशी काठावर उभी असायची. कोण आलं, कोण गेलं, हे तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

एका दुपारी सिनेगॉगचे अध्यक्ष तणतणत आले.

“एक विधवा इथे बुडी मारते म्हणे. नवरा नाही, मग बुडी कुणासाठी? नाव सांगा.”

मावशी टॉवेलांच्या घड्या घालत राहिली. “तुमची बायको कधी येते, ते मी कुणाला सांगते का?”

“विषय बदलू नका. वासना अशी मोकाट सोडली तर समाजाचं वाटोळं होईल.”

“वासना नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, हे आपलेच जुने रब्बी सांगून गेलेत. नवऱ्याबरोबर तीही पुरायची, असं कुठे म्हणाले ते?”

अध्यक्षांचा पारा चढला. “नाव सांगा, नाहीतर किल्ली ठेवा.”

मावशीने कमरेची किल्ली काढून टॉवेलांवर ठेवली.

“घ्या. ती विधवा मीच. पण माझ्या बुडीला काठावर उभी राहून ‘शुद्ध’ कोण म्हणते, ते नाव तुम्हाला या जन्मात मिळायचं नाही. आणि घरी जाऊन विचारायची हिंमत तुमच्यात नाही.”