जुन्या नावावरची गस्त

"आमच्या सुनंला चोर म्हणतोय त्यो बँकवाला, आन् तुमी हितं च्या पिताय व्हय!"

ती आरोळी अजून माझ्या कानात आहे. माझ्या एकट्याच्याच कानात आहे असंही नाही. आमच्या पोलीस ठाण्यापासून कृष्णेचा घाट चांगला लांब, पण त्या सकाळी घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्याचं मला नंतर कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका, खबऱ्याचं नाव मी सांगत नसतो. आमचे ठाणे अंमलदार म्हणजे मोर्चे, मिरवणुका आणि महापूर कोळून प्यायलेला माणूस. तेसुद्धा कप खाली ठेवून उठून उभे राहिले.

ओरडणारी बाई सासू होती आणि तिच्यामागे मान खाली घालून उभी होती ती सून. पस्तीस वर्षांच्या नोकरीत सुनेविरुद्ध ओरडणाऱ्या सासवा मी पोत्यानं पाहिल्या. सुनेच्या बाजूनं ठाणं डोक्यावर घेणारी ही पहिलीच. मी दोघींना आत बसवलं आणि तेव्हाच ठरवलं, की या केसचा निकाल लावल्याशिवाय निवृत्तीचा हार गळ्यात घालून घ्यायचा नाही.

आम्ही जुन्या केसेस सांगतो तेव्हा नावं घेत नाही. पण ही केसच नावाची, म्हणून दोन खोटी नावं देतो. सुनेचं माहेर फलटणकडचं, तिथलं तिचं नाव अश्विनी. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं, वैदेही. नवरा फौजेत. सुट्टी संपली तसा तो सीमेवर परत गेला आणि सून सांगलीजवळच्या सासरी राहिली. तिला हळद दळायची गिरणी टाकायची होती. मार्केट यार्डाजवळ गाळा बघून ठेवला होता. गाळेवाला महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. कर्ज मंजूर होण्यावर सगळं अडलं होतं.

बँकेनं कागद मागितले, त्यात शाळा सोडल्याचा दाखला होता. दाखल्यावर माहेरचं नाव. बँकेच्या साहेबानं दोन्ही नावांनी तपासणी केली, तर वैदेहीचा क्रेडिट स्कोर नव्या पातेल्यासारखा लखलखीत, आणि अश्विनीच्या नावावर हप्त्यानं घेतलेले महागडे मोबाईल, एकाचाही हप्ता भरलेला नाही. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही जुन्या नावानं कर्जं बुडवलीत आणि आता नव्या नावानं मागायला आलात.

सुनेनं मला तिचा फोन दाखवला. ती महिन्याला पैसे भरून एक सेवा घेत होती, आपल्या नावावर कोणी कर्ज काढलं की लगेच कळवणारी. दर महिन्याला न चुकता निरोप यायचा, सर्व काही ठीक आहे. खाली हिरवी बरोबरची खूण.

सासू म्हणाली, "पैसं घेऊन खोटं बोलतंय सायेब ते. आमचा भविष्यवाला बी एवढं बोलत न्हाई."

मी सुनेला विचारलं, पॅन कार्ड किती? ती म्हणाली, आता एकच. आता म्हणजे? तेव्हा उलगडलं. लग्नानंतर नाव बदललं म्हणून ती बाजारातल्या एका काउंटरवाल्याकडे गेली होती. सगळ्या सरकारी कामांचे फॉर्म भरून देणारा, शिवाय मोबाईल विकणारा गडी. पॅन जन्मभर एकच असतो, नाव बदललं तर त्यातच दुरुस्ती करून घ्यायची, हे त्यानं तिला सांगितलं नाही. नवं नाव, नवं कार्ड, म्हणाला. जुनं कार्ड आणि जुन्या नावाच्या कागदांच्या प्रती सरकारजमा करतो म्हणून स्वतःकडे ठेवून घेतल्या. आपल्याकडं अर्ध्या जिल्ह्यातल्या लेकी सासरी जाऊन हीच चूक करतात. तांदळात नवं नाव उमटलं की जुनं संपलं असं आपण धरून चालतो. जुनं नाव मात्र कुठल्या ना कुठल्या फायलीत पडलेलं असतं. पुढं गिरणीचा विषय निघाला तेव्हा स्कोरवर लक्ष ठेवणारी ती सेवाही त्याच काउंटरवाल्यानं विकली होती. नव्या पॅनवर.

मी काउंटरवाल्याला बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं तुपात तळलेलं. म्हणाला, ताई नव्या नावानंच आल्या, जुनं कार्ड मी पाहिलंही नाही, माहेरचं नाव मला ठाऊकही नाही. दिवसाला शंभर माणसं येतात, कुणाकुणाचं लक्षात ठेवू. तिचा शब्द आणि त्याचा शब्द, मध्ये पुरावा शून्य. सोडून द्यावा लागला.

त्यानंतर मी मार्केट यार्डात माझी माणसं पेरली. इतकी पेरली की हळदीच्या सौद्यात बोली लावणाऱ्यांपेक्षा साध्या वेशातले पोलीस जास्त झाले, आणि एका हवालदारानं भरात येऊन दोन पोती घेतलीसुद्धा. शेवटी टीप मिळाली ती एका चहावाल्याकडून, फोनवर, दबक्या आवाजात. हमालांच्या हातात कोरे फोन दिसतायत, पेटीसकट, निम्म्या भावात. विकणारा म्हणजे आपला काउंटरवाला. आम्ही एक फोन ताब्यात घेऊन त्याचा क्रमांक कर्जाच्या कागदाशी ताडून पाहिला. अश्विनीच्या नावावर घेतलेलाच तो फोन.

मला वाटलं, सापडला. पण गडी तयारीचा. म्हणाला, साहेब, हे फोन मला एका बाईनं विकले. तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर यायची. आता हे फोन ताईंच्या नावावरचे म्हणताय, तर त्या ताईच असतील. आपल्या गावात स्कूटीवरच्या प्रत्येक बाईच्या तोंडाला स्कार्फ असतो. माझी बायकोसुद्धा यात संशयित ठरली असती. त्याच्या एका वाक्यानं सून फिर्यादीची आरोपी व्हायला लागली. बँकेतून फोन आला, तुमची तक्रारदारच गुन्हेगार आहे म्हणे? महिनाअखेर जवळ आली. नवऱ्यानं सीमेवरून फोन केला आणि एवढंच विचारलं, ताईंना अटक तर होणार नाही ना. आपल्या बायकोला तो पोलिसांसमोर ताई म्हणाला, इतका तो घाबरला होता.

मी काउंटरवाल्याचा जबाब पुन्हा नोंदवायला घेतला. चौकशी म्हटलं की लोकांना आरडाओरडा, टेबलावर हात आपटणं आठवतं. मी तसलं कधी केलं नाही, एकदा आपटला होता तर टेबलच मोडलं आणि त्याची चौकशी माझ्यावर बसली. मी माणूस बघतो. या माणसाच्या काउंटरवर पाटी होती, नाव तपासून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. जबाब लिहिताना आमचे रायटर वेलांटी चुकले तर हा खुर्चीतून पुढं वाकून दाखवायचा. पोलीस ठाण्यात, संशयित असताना. दिवसभर दुसऱ्यांची नावं बिनचूक भरायची सवय त्याच्या हाडात गेली होती.

मी खिडकीकडे तोंड करून, जांभई देत देत सांगायला लागलो. लिहा, सदर महिलेस मी फक्त वैदेही या नावाने ओळखतो. लिहिलं. तिचे माहेरचे नाव मला माहीत नाही. लिहिलं. मग मी म्हणालो, आता कंसात टाका, माहेरचे नाव आरती.

रायटरनं आरती लिहिलं. काउंटरवाला वाकला, कागद पाहिला आणि बोट ठेवून म्हणाला, "आरती न्हाई सायेब, अश्विनी."

खोलीत पंखासुद्धा थांबला. वीज गेली होती म्हणतात, पण मी सांगतो, पंख्यालाही कळलं होतं. मी वळून त्याच्याकडे बघितलं. ते नाव आम्ही त्याच्यासमोर एकदाही काढलं नव्हतं. तो अजून बोट ठेवूनच होता. मग त्याला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं, आणि बोट हळूच कागदावरून उचललं गेलं.

आमचे रायटर आजही चारचौघांत सांगतात, की साहेब खरंच नाव विसरले होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. त्यांना बढती उशिरा मिळाली होती.

पंचांसमक्ष काउंटरची झडती घेतली. खणात अश्विनीचं जुनं कार्ड, तिच्या नावाचं सिम आणि अशाच आणखी काही सासुरवाशिणींची जुनी कार्डं मिळाली. गडी आपल्या गिऱ्हाइकांना नव्या नावावर पहारा विकायचा आणि जुन्या नावावर स्वतः डल्ला मारायचा. पहारा गप्प राहणार याची खात्री त्याच्याइतकी कुणालाच नव्हती. दोषारोपपत्र गेलं. मी स्वतः बँकेत जाऊन साहेबासमोर बसलो आणि कर्जमंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय उठलो नाही. त्या साहेबाचं जेवण माझ्यामुळं दुपारचं संध्याकाळी झालं. पॅनचा घोळ रीतसर अर्ज देऊन निस्तरला, खोट्या कर्जांवर हरकत नोंदवली, आणि गाळा हातचा गेला नाही.

पुढं दोघी पेढे घेऊन ठाण्यात आल्या. सासूनं विचारलं, "सायेब, ती पैसं भरायची सेवा ठिवायची का सोडायची, ते तेवढं सांगा."

हा प्रश्न मला आजही फिरायला गेलं की लोक विचारतात, तेव्हा तिला दिलेलं उत्तरच इथं देतो. पोलीस गस्त घालतो ती नेमून दिलेल्या हद्दीत. हद्दीबाहेर घर फुटलं तरी त्याच्या वहीत शांतताच. या सेवांचंही तेच. तुम्ही दिलेला पॅन आणि तुम्ही दिलेला नंबर, एवढीच तिची हद्द. शिवाय ती चोर धरत नाही, चोरी झाली की कळवते. म्हणून पैसे भरायच्या आधी आपल्या नावाची हद्द आपण आखून घ्यावी. जुनी कार्डं कुठं आहेत, प्रती कुणाला दिल्या, नंबर कुणाच्या हातात आहे. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवून नीट वाचावा. ज्याची कागदपत्रं हरवलीत, ज्याच्या नावावर एकदा घोळ झालाय, त्यानं वर्षभर पैसे भरून लक्ष ठेवलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मात्र निरोप आपल्याच फोनवर येतो ना, हे रोज बघावं. बाकीच्यांनी तेच पैसे गिरणीच्या पट्ट्याला घालावेत. आणि हिरवी खूण दिसली म्हणून झोपी जाऊ नये, कारण ती खूण काय बघितलं ते सांगते, काय बघितलं नाही ते सांगत नाही.

बोलता बोलता मला असा काही रंग चढला, की ठाणे अंमलदार दारात येऊन उभे राहिले, कोठडीतला एक जण गजाला कान लावून बसला आणि पेढ्यांचा डबा रिकामा झाला. सासू तर तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी सुनेकडे वळून विचारलं, मग पोरी, काय ठरवलंस?

ती म्हणाली, "ती मी मागल्या आठवड्यातच बंद केली, सायेब."