धवलारणीची अक्षत

आमच्या गावची धवलारीण गेल्या पौषात वारली. मला ते चार दिवसांनी भावाच्या फोनवर कळलं, तेही बोलता बोलता. भात झोडून झालं, विहिरीला पाणी बरं आहे, आणि हो, पाड्यावरची काकी गेली. मी "अरेरे" म्हणाले आणि फोन ठेवला. समोर मुलांच्या वह्या तपासायला पडल्या होत्या. त्यातली एकही त्या संध्याकाळी तपासून झाली नाही.

इथे शहापुरात माझ्या शाळेतल्या बाईंनासुद्धा धवलारीण म्हणजे कोण, हे सांगावं लागतं. टोकावड्याच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या लग्नात भटजी येतो तो अंतरपाट धरण्यापुरता. त्याच्या आधीचं सगळं धवलारीण चालवते. हळद कुटायला घेतली की ती गायला बसते, आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागायच्या आधी वऱ्हाडासमोर पुन्हा गाते. त्या गाण्यांना धवळे म्हणतात. आधी देवांना मांडवात बोलावणं, मग शेताला, विहिरीला, वाटांना. मग नवरीची पाळी. चाल जुनीच, पण नवरीचे शब्द नवे. तिचं घर, तिची आई, ती कुठे पडली, काय शिकली, कोणावर रुसली, हे सगळं धवलारीण त्या मुलीसाठी वेगळं बांधते. लग्न झालं की ते गाणं संपलं. दुसऱ्या मुलीला ते चालत नाही.

तिला बोलावण्याची आमच्याकडे एकच रीत होती. हळद लागायच्या आधी नवरीने स्वतः चालत तिच्या दारी जायचं आणि हळदीचे तांदूळ तिच्या ओंजळीत घालायचे. याला अक्षत देणं म्हणतात. ते तांदूळ ती पदराच्या गाठीत बांधते आणि तिथून ती त्या लग्नाची होते. हळद लागल्यावर नवरीने गावाची शीव ओलांडायची नसते, आणि पाडा शिवेच्या बाहेर, ओहळापलीकडे. म्हणून हे काम हळदीच्या आधीच उरकावं लागतं. चालत जायला पाव तासही लागत नाही.

माझ्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली. त्या आठवड्यातला हा पाव तास मी काढला नाही.

वेळ नव्हता, असं म्हणता येईल. वैशाख होता. अंगणात मांडवाचे खांब उभे राहिले होते, वर जांभळीचा पाला पडायचा होता. आई आणि शेजारच्या दोघी तांदूळ निवडत बसायच्या. रोज कुठे ना कुठे माझं केळवण असायचं. एके दिवशी मुरबाडला आत्याकडे, दुसऱ्या दिवशी सरळगावला मामाकडे. गोड जेवून जेवून तोंडाला मिठी बसली होती. पण वेळ नव्हता हे खरं नाही. पत्रिकांवर नावं घालायला मला भरपूर वेळ होता.

मुरबाडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली मी आमच्या घरातली पहिली. अक्षर चांगलं म्हणून पत्रिकांचं काम माझ्याकडे आलं. खरं तर मीच ते ओढून घेतलं. पिवळ्या जाड कागदावर लाल अक्षरं, वर गणपती, आणि माझ्या नावापुढे कंसात बी.ए. ती दोन अक्षरं छापा, असं छापखान्यात मीच सांगितलं होतं. संध्याकाळी ओटीवर बसून शाईच्या पेनाने मी एकेक नाव घालायचे. आई येता-जाता बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या हातातला कागद बघून ती समाधानाने आत जायची.

आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. कल्याणला बस्ता काढायला दोन्ही घरची माणसं गेली होती. दुकानात साड्या उलगडता उलगडता माझी होणारी नणंद मला म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे म्हणे एक म्हातारी तीन तास रडल्यासारखी गाते. खरं का? आमच्याकडची पोरं हसतील हं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती स्वतः हसली, मीही हसले. एवढंच नाही, मी म्हणाले, "आता कुठे कोण गातं तसं!" हे वाक्य बोलताना माझ्या हातात हळदीची साडी होती.

सोमवारी आईने ताटलीत तांदूळ घेऊन हळद लावली आणि ताटली भिंतीतल्या देवळीत ठेवली.

"काकीकडं जाऊन ये गो. लग्नाला आठवडा हायला, तिला गाणं बांधायला टाइम लागतो."

"उद्या जाते."

मंगळवारी आत्याकडे केळवण. बुधवारी कासार आला. ओटीवर त्याने हिरव्या बांगड्यांची माळ पसरली आणि माझा हात दाबून बघितला. मी हात आखडला.

"हात ढिला सोडा ताई. बांगडीशी भांडू नका."

"भांडण नवऱ्यासाठी राखून ठेव गो," आत्या म्हणाली. ती माझ्याबरोबरच मुरबाडहून राहायला आली होती. "आन् हात बग कसा मऊ! पुस्तकं धरून धरून. सासू म्हणंल, ही भाकरी थापते का पानं उलटते?"

"थापीन की."

"थापशील गो. गोल नाय झाली तर नकाशा म्हणून भिंतीला लाव."

सगळ्या हसल्या. आई हसता हसता थांबली आणि म्हणाली, "काकीकडं गेलीस?"

"सांगितलंय," मी म्हणाले.

ते पूर्ण खोटं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्या दिवशी सकाळीच पाड्यावरची एक बाई पत्रावळींचे भारे टाकायला आली होती. मी एक पत्रिका घेतली, त्यावर माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात धवलारणीचं पूर्ण नाव घातलं, आधी श्रीमती, खाली 'आपण अगत्य येण्याचे करावे', आणि ती पत्रावळीवालीच्या हाती दिली. सरपंचांना आणि गुरुजींना जाते तीच पत्रिका मी तिला पाठवली, म्हणजे तिचा मान वाढवलाच, असं मला वाटलं. निदान वाटून घेतलं. आतून हेही ठाऊक होतं की कागदावर ती गायला येणार नाही. पाहुणी म्हणून आली तर येईल, लांब बसेल, जेवून जाईल. नणंदेसमोर तीन तासांचा प्रश्न आपोआप सुटेल.

देवळीतली ताटली मी रिकामी केली. तांदूळ कोंबड्यांना घातले.

हळदीच्या दिवशी उखळ धुऊन मांडवात ठेवलं. पाच जणी मुसळाला हात लावून उभ्या राहिल्या. मी पाटावर बसले होते. सगळ्यांचे डोळे वाटेकडे. कोणीतरी म्हणालं येईल, ओहळावर असेल. कोणीतरी म्हणालं ऊन आहे, सावकाश येईल. आई माझ्याजवळ येऊन वाकली.

"अक्षत तुझ्या हातानं दिलीस ना?"

"हो."

हा शब्द बोलायला क्षणसुद्धा लागला नाही. त्या क्षणी मी नाही म्हटलं असतं तरी वेळ गेलेली नव्हती. मला अजून हळद लागली नव्हती. पाटावरून उठून पाड्यावर जाऊन येता आलं असतं. पण मांडव माणसांनी भरला होता, आणि सगळ्यांसमोर खोटं उघडं पडण्यापेक्षा मला गप्प बसणं सोपं वाटलं.

आईने कोणाला पाठवलं नाही. मुलीच्या हातची अक्षत घेऊनही जी येत नाही, तिला पुन्हा बोलवायला जायचं नसतं. आत्याने दोन ओळी गाऊन बघितल्या, पुढचं तिला येईना. मग चुलतभावाने टेप लावला. हळद कुटली, लागली. नवऱ्याकडची माणसं दुसऱ्या दिवशी आली, जेवली, खूश होऊन गेली. लग्न चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

वाईट मागाहून झालं, हळूहळू. आईने गावात सांगितलं की काकीला माज आला. माझी पोरगी स्वतः गेली, अक्षत दिली, तरी आली नाही. आई खोटं बोलणारी नव्हती, हे सर्वांना माहीत होतं, म्हणून कोणी शंका घेतली नाही. पुढच्या वर्षी वरच्या आळीत लग्न होतं, त्यांनी टेपच आणला. उगाच तिच्या दारात जाऊन मान कोण घालवून घेईल, असं ते म्हणाले. त्यानंतरच्या दोन लग्नांतही तेच झालं. हे सगळं मला माहेरी गेल्यावर आईच्याच तोंडून कळत होतं, आणि मी ताटातला भात कालवत बसत होते. ती बाई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने लावणीला जायची. कोणी तिला त्या कामासाठी काकी म्हणत नव्हतं. काकी ती मांडवात होती, आणि मांडव तिला बंद झाला होता.

एकदा ती मला भेटली. मुलगी दोन वर्षांची होती, मी माहेराहून परत निघाले होते आणि टोकावड्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होते. ती मोळी उतरवून सावलीला बसली होती. तिनेच हाक मारली.

"बाय! बरी हाइस ना गो? ही तुझी?"

"हो काकी."

तिने आधी हात पदराला पुसला, जणू हाताचं काही लागेल, मग मुलीच्या गालाला लावला. "तुझ्या आईसारखी दिसते. तिचं तोंड दिसत नाय आता, बोलत नाय ती माझ्याशी. काय चुकलं काय ठावं." मग म्हणाली, "तुझा कागूद आला व्हता. आमच्यात कोणाला वाचता येत नाय. मला वाटलं, कागूद आधी आला, मागनं तू येशील. हळदीच्या दिवशी लुगडं नेसून बसले व्हते."

रागावून नाही बोलली. ऊन फार आहे म्हणावं, तसं बोलली. मी तोंड उघडलं होतं. सांगायचं वाक्य तयार होतं, लहानसंच होतं. तेवढ्यात मुरबाडची गाडी आली, मुलगी रडायला लागली, कंडक्टर चला चला म्हणाला. मी चढले. गाडी लवकर आली याचं मला बरं वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

पुढल्या वेळी सांगू, असं म्हणत सहा-सात वर्षं गेली. मग भावाचा फोन आला.

मी त्याच रविवारी माहेरी गेले. आई परसात वालाच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, पत्रिका, कोंबड्या, पाटावरचं 'हो'. मला वाटलं ती ओरडेल. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. टोपलीतल्या संपल्यावर म्हणाली,

"मंग येवढी वर्सं मी तिला माजोरी म्हणत हायले, ती तुझ्यापायी?"

मी मान हलवली.

"मी तिच्या मयताला पण नाय गेले गो."

ती उठली, हात धुतले, पायात चप्पल घातली आणि पाड्याकडे चालू लागली. मी मागून गेले.

काकीची सून दारात गोवऱ्या रचत होती. आईने तिला माझ्यासमोर सगळं सांगितलं, एकही शब्द सौम्य न करता. सुनेने ऐकून घेतलं. आम्हाला पाणी दिलं.

"आमाला वाटलं, टेप आला म्हणून तुमाला ती नकोशी झाली," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुझं बांधून झालं व्हतं गो तिचं. पोरीचं लगीन ठरल्याचं ऐकलं, तवापासून बांधीत व्हती. भात पाखडताना म्हणायची. तू लहानपणी ओहळात पडलीस, ते व्हतं त्यात. शाळेचं पण काय काय व्हतं."

"कसं होतं?" मी विचारलं.

तिने आठवून बघितलं. ओठ हलले, एकदा चालही लागली, पण शब्द आले नाहीत.

"नाय गो. लय लांब व्हतं."

आई ओट्यावर बसून राहिली. सुनेने सासूच्या दुखण्याचं सांगितलं, शेवटचे दिवस सांगितले, आईने एकेक गोष्ट विचारून घेतली. मला कोणी काही विचारलं नाही. निघताना आईने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या वाटेवर ओहळ कोरडा होता. एरवी दगडांवरून उतरताना आई माझ्यासाठी थांबते, माझे पाय आता पायवाटेचे राहिले नाहीत असं म्हणते. त्या दिवशी ती थांबली नाही. मी दगड धरून पलीकडे उतरले, तोवर ती वळणापर्यंत पोचली होती, आणि मी तिला हाक मारली नाही.