छातीला लावलेला फोन

दर रविवारी मी जालन्याहून अंबडला जाते. पिशवीत कामांची यादी असते, कारण एकदा माय-आप्पांच्या घरात पाय टाकला की चहा, शेजारणी आणि इकडच्या तिकडच्या गोष्टींत निम्मी कामं राहून जातात. भाऊ गेल्यानंतर माझ्या याद्या आणखीच लांबल्या. काहीतरी करत राहिलेलं बरं वाटायचं. त्या रविवारी यादीत होतं: टाकीचा फ्लोट बदलणे, गॅसचा पाइप, आप्पांच्या बीपीच्या गोळ्या, मशीन.

मशीन म्हणजे आप्पांचं कानाचं मशीन. आप्पांनी जन्मभर बस चालवली. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागूनच असायचं, आणि त्याच्या आवाजात त्यांचे कान हळूहळू गेले. त्यांना कानामागे बसणारं छोटं मशीन चालत नाही, बोटांत धरवत नाही. म्हणून खिशातलं घेतलं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बटण. डबीच्या कडेला एक दातेरी चाक. ते पुढे सरकवलं की आवाज वाढतो, मागे घेतलं की कमी होतो.

या मशीनचा माइक डबीतच असतो. म्हणजे ऐकणारा कान खरं तर खिशात. त्यामुळे आप्पा फोन कानाला लावत नसत, छातीला लावत. भाऊ रोज संध्याकाळी कामावरून सुटला की कारखान्याच्या फाटकाबाहेरून फोन करायचा. आप्पा ओट्यावर बसून चाक पार शेवटापर्यंत सरकवायचे, फोन खिशाला दाबून धरायचे आणि मान खाली घालून ऐकायचे. गल्लीतली माणसं थट्टा करायची, "काय ड्रायव्हरसाहेब, डागदर आलाय का तपासाया?" मायही म्हणायची, "सारं जग कानानं ऐकतं, आमचं माणूस बरगडीनं."

भाऊ गेला तो पहाटे, झोपेत. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. तेव्हा माय शेजारच्या गल्लीत बारशाला गेली होती. फोन आप्पांनी घेतला. वहिनी त्या वेळी भावाजवळ नव्हती, त्यामुळे तो काय बोलला ते माहीत असणारं माणूस एकच, आप्पा. आणि भाऊ गेला त्या दिवसापासून आप्पांनी मशीन काढून खुंटीला टांगलं. बिघडलंय, म्हणाले.

मायला एवढंच हवं होतं, लेकरू शेवटचं काय बोललं. ती रोज विचारायची. भाकरी वाढताना विचारायची, कपडे वाळत घालताना अंगणातून ओरडून विचारायची. आप्पा कानाकडे बोट दाखवून हात हलवायचे.

"बाई, तेवढं मशीन नीट करून दे," ती मला म्हणाली. "दुसरं काही मागत न्हाई मी."

फ्लोट बसवून झाल्यावर मी मशीन खुंटीवरून काढलं. नवा सेल टाकला, बटण माझ्याच कानात घातलं आणि चाक मध्यावर ठेवलं. स्वयंपाकघरात माय कणीक मळत होती. परातीवर आपटणाऱ्या तिच्या बांगड्या मला बाहेरच्या खोलीत कानाशी वाजल्यासारख्या ऐकू आल्या. मशीन चांगलं होतं.

मला रागच आला. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवते. चालू वस्तूला कुणी बिघडलेली म्हटलं की मी सोडत नाही. आप्पांच्या उजव्या कानात अजून थोडं शिल्लक आहे. तिथं तोंड नेऊन मी ओरडले, "आप्पा, मशीन बराबर चालू आहे! माय रोज विचारते, तिला सांगत का नाही?"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग बोलले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते घरातही बसस्टँडवर बोलल्यासारखं बोलतात.

"काय सांगू? मला काहीच ऐकू आलं न्हाई त्या दिशी! चाक पार पुढं नेलं, फोन दाबून धरला, तरी न्हाई. फोन छातीशी थरथरत व्हता, तो बोलून राह्यलाय हे तेवढ्यानं कळत व्हतं, शब्द एक न्हाई. उद्या विचारू म्हणलं, आन् हो-हो करत राह्यलो."

आतला बांगड्यांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. माय दारात उभी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. ती उंबऱ्यावरच बसली.

अशा वेळी काय करावं हे मला येत नाही. मला वस्तू उघडता येतात. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, डबीचे बारीक स्क्रू काढले आणि मीटर लावला.

त्या चाकाखाली तीन पाय असतात. दोन टोकांच्या पायांमध्ये कार्बनचा काळा पट्टा, घोड्याच्या नालासारखा. मधल्या पायाला एक बारीक पत्री, ती चाकाबरोबर पट्ट्यावरून सरकते. पत्री एका टोकाजवळ असली की आवाज जवळजवळ सगळाच गळून जातो, दुसऱ्या टोकाला नेली की सगळा पुढे जातो. पट्टा तेवढाच राहतो, पत्री कुठे उभी आहे एवढ्यावरच सगळं असतं. चाक फिरवताना मीटरवर काटा संथ चढायला हवा. तो तसा चढत होता, मध्यापर्यंत, मध्याच्या पुढेही. अगदी शेवटाला आल्यावर एकदम पडला. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच पडला. भिंग लावून पाहिलं तर शेवटच्या भागातला कार्बन खरवडला गेला होता, खालचा पिवळट पुठ्ठा दिसत होता. पत्री तिथे नुसती अधांतरी होती.

घरातलं बोलणं आप्पा मध्यावर ऐकायचे. शेवटापर्यंत ते फक्त एकासाठी जायचे, रोज संध्याकाळी. तेवढीच जागा झिजली होती.

मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. दोष सापडला की मला बरं वाटतं. आप्पांचा दोष नव्हता, मशीनचा होता, आणि हे मीटरवर दाखवता येत होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन समजावू लागले. विद्यार्थ्यांना समजावते तसं त्यांना कळेना, म्हणून म्हटलं, "हे टोक अंबड समजा, ते टोक जालना. मधला रस्ता म्हणजे हा पट्टा. पत्री म्हणजे तुमची गाडी. गाडी जालन्याकडं सरकली की आवाज वाढतो."

"बरं."

"जालन्याजवळचा रस्ता उखडलाय. गाडी तिथं गेली की बंद पडते."

त्यांनी भिंग हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आन् अलीकडं?"

"अलीकडं रस्ता चांगला आहे."

"म्हंजे मी चाक जरासं मागं घेतलं असतं, तर ऐकू आलं असतं."

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. सेल उतरला असेल, असं म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर बंद पडलेल्या गाडीखाली शिरून कारण शोधलेला माणूस समोर बसला होता. भिंग अजून त्यांच्याच हातात होतं.

"आलं असतं," मी म्हटलं.

त्यांनी भिंग कागदावर ठेवलं. घसरू नये म्हणून जपून ठेवलं.

उंबऱ्यावरून माय म्हणाली, "त्यांला सांग, मी न्हाई विचारणार आता. बिलकुल न्हाई विचारणार."

मशीनचे भाग कागदावर पडले होते, त्यामुळे तिचं बोलणं मलाच पोहोचवावं लागलं. मी कानात ओरडून सांगितलं. आप्पा ताडकन म्हणाले, "न्हाई, न्हाई! विचार म्हणाव तिला!"

"कामून?" माय म्हणाली. मी तेही ओरडून सांगितलं.

"ती विचारती तवा वाटतं, मला म्हायती हाय," आप्पा म्हणाले.

माय उठली, हात धुतले, पण भाकरी-पोळी काही केली नाही. मीच आत जाऊन उरलेली कणीक आटोपली. बीपीच्या गोळ्या आणायच्या राहिल्या.

पुढच्या रविवारी जालन्यातून तेवढ्याच मापाचं, पट्ट्यासकट नवं चाक मिळवून नेलं. जुनं सोडवलं, नवं सोल्डरचा डाग देऊन बसवलं. आप्पांना बजावलं, पार शेवटाला नेत जाऊ नका, जवळ बसून बोलायचं आणि चाक मध्यावर. त्यांनी मशीन खिशात अडकवलं, बटण कानात घातलं. बाहेरून रिक्षा गेली तसे जरा दचकले. इतके दिवस घर त्यांच्यासाठी मुकं होतं.

माय त्यांच्या शेजारी बाजेवर बसली. एवढी जवळ ती एरवी माझ्यादेखत बसत नाही. तिनं पदर सारखा केला आणि त्यांच्या खिशाकडे बघत, कानाकडे नव्हे, विचारलं, "काय बोललं व्हतं लेकरू?"

आप्पा सावकाश म्हणाले, "न्हाई ऐकू आलं मला."

"हां," माय म्हणाली. तिनं हे सगळं आधीच ऐकलं होतं, तरी मान डोलावली. मग तिनं दुसरंच विचारलं, जे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि बहुधा आप्पांच्याही नाही. "मंग तुमी काय म्हणले त्याला? ते तर म्हायती असंल."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांना आठवायला वेळ लागला.

"हो-हो म्हणलं. बराबर हाय म्हणलं." मग म्हणाले, "उशीर झाला असंल, घरी जाऊन आधी जेवून घे म्हणलं."

मायनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं ती उठून आत जाईल. पण ती तिथंच बसून राहिली, पदरातूनच काहीतरी बोलली.

आप्पांचा हात खिशाकडे गेला. बोटाखाली चाक किंचित पुढे सरकलं आणि थांबलं.

"काय म्हणलीस? परत म्हण."

मायनं पदर खाली घेतला आणि त्यांच्या छातीजवळ वाकून म्हणाली, "जेवल्ता तो. सून म्हणली. पोटभर जेवल्ता."