जिभेचा उपवास

ज्याने माणसाला वाणी दिली त्या परमेश्वरास वंदन करून, आमच्या गल्लीतील मुलीच्या साखरपुड्यानिमित्त हे लिहितो.

हदगावातील आमचे टेलर मास्तर ख्रिस्ती आणि अत्यंत भाविक. लोकांच्या भानगडी सांगण्याचा त्यांना उपजत मोह; म्हणून कोणी कोणाविषयी विचारले की ते डोळे मिटून जिभेला आवरणारे शास्त्रवचन पुटपुटत.

जळकोटचे पाहुणे सोयरिकीच्या चौकशीसाठी दुकानात आले, तेव्हा मी तेथेच बसलो होतो.

"शेजारची पोरगी कशी हाय, मास्तर?"

मास्तरांनी डोळे मिटले व वचन आरंभले. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"समजलं. चला," म्हणत ते उठून गेले.

मी म्हणालो, "मास्तर, आपल्या भक्तीने त्या मुलीचे लग्न मोडले."

ते हातातल्या कात्रीसकट रस्त्यावर धावले. "मामा, थांबा. पोरगी लई गुणाची हाय. खोट माझ्या जिभेत हाय, तिच्यात न्हाई."

सोयरीक जुळली. मात्र एकदा उघडलेले ते तोंड पाहुण्यांची बस सुटेपर्यंत मिटले नाही, आणि त्या ओघात माझ्या पूजेतील डुलक्यांचेही वर्णन झाले, असे कळते.

ईश्वर आपल्या घरी मंगल कार्ये घडवो, आणि चौकशीस आलेल्यांना असाच शेजारी भेटवो.