नाव, वर्ग, कारण

भूक शून्यावर आली म्हणून मी स्टाफरूममध्ये संत्रा बर्फी वाटली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

"कशाबद्दल?" मराठीच्या सरांनी बर्फीचा तुकडा उचलत विचारलं.

"सलग नऊ दिवस शून्य," मी म्हणालो.

"काय, हजेरी?"

"भूक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बर्फीकडे पाहिलं, आणि दुसरा तुकडा घेतला. त्या दिवशी स्टाफरूममध्ये शहाणपणाचं काम एवढंच झालं.

मी भूगोल शिकवतो. वीस वर्षं जगाच्या नकाशावर उपासमारीचे पट्टे तिरप्या रेघांनी भरायला शिकवतोय. आमच्याच वर्गात साडेअकराच्या तासाला काही पोरं बाकावर डोकं टेकवून बसत. ते माझ्या शिकवण्यामुळे होतं, असा माझा समज होता आणि मी तो मोठ्या मनाने स्वीकारलाही होता. मग विद्यापीठात एक बैठक झाली. कॉलेजात उपाशी बसणाऱ्या मुलांसाठी सगळ्या कॉलेजांनी मिळून एक जाळं उभारायचं, असा विषय होता. आमच्याकडे बैठकीचा नियम साधा असतो: जो तोंड उघडेल, तो समन्वयक. मी तोंड उघडलं.

उघडायचं कारण आमच्या कॉलेजमागची मेस. साठी ओलांडलेल्या एक काकू ती चालवतात. मेसमध्ये खाडा असतो. म्हणजे शनिवारी गावाला जाणारा आधी सांगून जातो आणि त्याची तेवढी जेवणं पुढच्या महिन्यात सरकतात. काकूंनी त्यात आपली एक पुस्ती जोडली होती. ज्याला खाडा पुढे सरकवायचा नाही, त्याने हात धुवायच्या बेसिनजवळच्या फळ्यावर खडूने एक रेघ मारायची. ज्याच्याकडे मेस लावण्याची सोय नाही, त्याने येऊन जेवायचं आणि हात धुताना ओल्या बोटाने एक रेघ पुसायची. बेसिनपाशी सगळेच जातात, त्यामुळे कोण रेघ मारतो नि कोण पुसतो, हे कुणाला दिसत नाही. काकूही पाहिल्यासारखं करत नसत.

बैठकीत मी म्हणालो, "आमच्याकडे एक प्रयोग चालू आहे." प्रयोग काकूंचा होता. 'आमच्याकडे' तेवढं माझं.

कामठीचे सर, रामटेकच्या मॅडम, सगळ्यांना कल्पना आवडली. फक्त अध्यक्ष म्हणाले, "पण याचा डेटा कुठे आहे?" इथे माझ्या अंगात संचारलं. दोन दिवसांत मी मोबाइलवरचा फॉर्म तयार केला. नाव, वर्ग, मोबाइल नंबर, कारण. कारण किमान पन्नास अक्षरांत, नाहीतर फॉर्म पुढे सरकायचा नाही. पोरं नुसतं 'भूक' लिहून मोकळी होतील, याचा मी आधीच बंदोबस्त केला होता. चौकोनी कोड छापला, लॅमिनेट केला आणि काकूंच्या भिंतीवर चिकटवला.

"मंग फळ्याचं काय करू?" काकू म्हणाल्या.

"आत ठेवा. आता सगळं मोबाइलवर."

"म्हंजे पोरगं जेवाले आलं का मी त्याले कारण इचारू?"

"तुम्ही नाही हो काकू. मोबाइल विचारेल."

"हां," त्या म्हणाल्या. "मोबाइलले काय, लाज थोडीच हाये."

मी हसलो होतो, हे मला नीट आठवतं.

पहिल्या दिवशी एक फॉर्म आला. मला इतका आनंद झाला की मी आख्खा तक्ता समन्वयकांच्या ग्रुपवर टाकला. सोबत, पारदर्शकता म्हणून, आमच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, 'पाहा, आपलं जाळं कामाला लागलं.' मग ग्रुपचा आवाज बंद केला, कारण पोरं फार मेसेज करतात. दुसऱ्या दिवसापासून शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. शून्याच्या नवव्या दिवशी बर्फी.

उरलेली बर्फी घेऊन मी काकूंकडे गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या. मी शून्याची बातमी सांगितली.

"सुन्य म्हंजे कोनी जेवलं नाई असंच नं?"

"म्हणजे कुणाला गरजच पडली नाही."

काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "सर, एक सांगू का, रागावू नोका. फळा मी आत ठेवला, पन गावाले जानारे पोट्टे अजून आत येऊन रेघ मारून जाऊन राहिले. सतरा रेघा हायेत. पुसाले कोनी येत नाई."

मी बर्फीचा डबा ओट्यावर ठेवला.

"एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "रोज सव्वाबाराले. दोन पोळ्या, भात, वरन. मी तिचं नाव कधी इचारलं नाई. तुमच्या मोबाइलमंधी असन."

मी तिथेच, तव्याच्या धगीत उभा राहून तक्ता उघडला. एकच ओळ होती. नाव वाचलं आणि चेहरा लगेच समोर आला. तिसऱ्या बाकावरची, उमरेडकडची मुलगी. घरी पूर्वी हातमाग होता, आता वडील ट्रक चालवतात. शहराबाहेर, गोदामांच्या वाडी भागात दोघींसोबत खोली घेऊन राहते आणि सकाळी गोदामात पार्सलांवर लेबलं चिकटवून मग कॉलेजला येते. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'सकाळी जेवण होत नाही. रूमवर गॅस नाही. दुपार झाली सर, अजून किती अक्षरं पाहिजे.'

मग मी वर्गाच्या ग्रुपवर गेलो. तक्त्याखाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली होती. एकाने लिहिलं होतं, 'आमच्याकडून पण दोन पोळ्या.' दुसऱ्याने, 'कारण जरा कमी पडलं.' नऊ दिवस ते तिथे पडून होतं. त्या नऊ दिवसांत ती वर्गातही आली नव्हती. आणि मी मात्र, तिसरा बाक रिकामा का, असा विचारही न करता तिच्या नावापुढे एकेक गैरहजेरी लावत गेलो होतो.

फोन लावला. बंद. तिच्या वर्गातल्या एकीला गाठलं, तर ती म्हणाली, "सर, ती बॅग भरून राहिली म्हणे. पेपरले बसत नाही म्हणते."

पेपर अकरा दिवसांवर होते.

घरी मी ताटावर बसलो आणि घास पुढे सरकेना. मी तिच्या दुपारी मोजत होतो. नऊ दुपारी. रविवार सोडला तर आठ. आठ म्हणजे कमी, असं वाटून जरा बरं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. एक मन म्हणे, ती कुठेतरी जेवत असेलच. दुसरं म्हणे, कुठे? ऊन चव्वेचाळीसच्या आसपास, अशात रिकाम्या पोटी गोदामात उभं राहून चक्कर आली तर कोण पाहणार आहे? रात्रभर अशीच घासाघीस.

सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "जा. माफी मागा आणि परत या. अन् हे पाहा, डबा वगैरे काही नेऊ नका."

"का?"

"मी सांगते म्हणून."

मी डबा नेला नाही. अमरावती रोडवर एका हॉटेलात थांबून पुरीभाजीचं पार्सल घेतलं. पार्सल म्हणजे डबा नव्हे, असा माझा युक्तिवाद होता.

वाडीत गोदामांच्या मागे एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वर तिची खोली होती. लोखंडी जिना, खाली मागे घेत असलेला ट्रक. पायरीवर घरमालकीण लसूण सोलत बसली होती. तिने आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणाकडे म्हणून विचारलं. मी मुलीचं नाव सांगितलं, मी तिचा सर, असंही म्हणालो. ट्रकच्या वरताण आवाजात ती वर ओरडली, "वं पोरी, तुयासाठी कॉलेजचे सर जेवन घेऊन आले."

वरच्या तीन खिडक्यांत तीन डोकी आली. मी पिशवी पाठीमागे लपवली. ट्रकचा क्लीनरही वळून पाहू लागला.

ती खाली आली. चेहरा ओढलेला होता, की मलाच तसा दिसत होता, कळेना.

"सर, पार्सल काहून आणलं?"

"सहज. रस्त्यात दिसलं."

"पुरीभाजी रस्त्यात दिसली."

मी पाठीमागेच पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही काय पाहायले आले? मी जेवली का नाही ते?" ती म्हणाली. "त्याचा रकाना राहिलाच तुमच्या फॉर्ममधी."

"चूक झाली माझी."

"चूक नाही सर, तुम्ही तं खुश झाले होते. हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं खाली."

ते मी विसरलो होतो. टाकलं होतं खरं.

"फॉर्म काढतो," मी म्हणालो. "आजच काढतो. ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागतो."

"नका मागू. मग पुन्हा सगळे पाहतील, कोणाची मागून राहिले म्हणून." ती जिन्याचा कठडा नखाने खरवडत होती. "फॉर्म काढा. तो तक्ता ग्रुपवरून काढा. फळा जिथं होता तिथं लावा. मग मी येईन, नाहीतर नाही येणार. मी आली का नाही, ते तुम्ही काकूले विचारायचं नाही. मलेबी विचारायचं नाही. कोणालेच नाही."

"आणि पेपर?"

"पाहते."

"पाहते म्हणजे?"

"सर, आता विचारू नका म्हटलं नं."

मी मान हलवली. तिने माझ्या पाठीमागून पिशवी काढून घेतली आणि पायरीवर ठेवली. "काकू," ती घरमालकिणीला म्हणाली, "सर तुमच्यासाठी पुरीभाजी घेऊन आले."

"मायासाठी?" घरमालकीण म्हणाली, आणि लसणाचे हात पुसून तिने पिशवी उघडलीसुद्धा.

परतताना मी अमरावती रोडवरच गाडी बाजूला घेऊन तक्ता पुसला आणि फॉर्म बंद केला. ग्रुपवरचा मेसेज काही निघेना, मुदत उलटून गेली होती. शेवटी आख्खा ग्रुपच मोडला आणि नवा काढला. पोरांनी विचारलं, सर, काहून? तांत्रिक अडचण, म्हणालो.

खरी अडचण मंगळवारच्या बैठकीत होती. रामटेकच्या मॅडमनी माझ्याच फॉर्मचे कोड छापून आणले होते, छान रंगीत. पुढच्या सोमवारपासून सगळ्या कॉलेजांत ते लागणार होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे लावू नका. माझं शून्य खोटं आहे."

"मग खरा आकडा किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"माहीत नाही."

"कशावरून खोटं?"

ते सांगायचं तर वाडीचा जिना सांगावा लागला असता. मी समोरचा रंगीत कोड उलटा करून ठेवला. सगळे पाहत होते. आकडे फिरवताना पकडला गेलेला माणूस दिसतो तसाच मी दिसत असणार. कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि बर्फी?" बातमी तिथपर्यंत पोचली होती.

"बेसिनजवळ फळा लावा," मी म्हणालो. "नाव नको, नंबर नको. रेघा किती पडल्या तेवढं मोजू. पुसणाऱ्याबद्दल काही लिहायचं नाही."

"मग भूक कमी झाली, हे आपल्याला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"आमच्याकडे बेसिन नाही," कामठीचे सर म्हणाले. "पोट्टे नळावर हात धुतात."

"नळ चालेल."

त्यांनी वहीत 'नळ' असं लिहून घेतलं. त्या दिवशी माझ्या बाजूने तेवढे एकच होते. रामटेकच्या मॅडम पंधरा दिवसांनी तयार झाल्या. बाकीच्यांचं अजून चालूच आहे. समन्वयकपद मात्र माझ्याकडेच राहिलं, ते घ्यायला दुसरं कुणी तोंड उघडेना.

फळा पुन्हा भिंतीवर लागला. मी दुपारी मेससमोरून जायचो, कधी दोनदा. सतरा रेघांच्या चौदा झाल्या, मग सोळा, मग अकरा. पुसलेल्या जागी ओल्या बोटाचे ठसे. ते कुणाचेही असू शकत होते. एकदा सव्वाबाराला मी जाऊन बसलो आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर ओठांवर आलं. काकूंनी माझ्या ताटात पोळी टाकली. "जेवा," म्हणाल्या. इतरांना मी वाटेत सहज विचारतो, जेवण झालं का रे, जेवली का गं. आपल्याकडे नमस्काराऐवजी माणूस तेच विचारतो. तिच्यापुरता तो प्रश्न मी घालवून बसलो होतो.

पहिल्या पेपरला माझा विषय नव्हता, म्हणून पर्यवेक्षणाला मला लावलं. घंटा झाली तेव्हा तिचा बाक रिकामा होता. मी त्यावरही एक प्रश्नपत्रिका ठेवली आणि पुढे वाटत गेलो. सात मिनिटांनी ती आली. हॉल तिकीट दाखवलं, बसली, लिहायला लागली.

मी तिच्या रांगेतून गेलो. परत आलो. ओठ कोरडे आहेत का, हात थरथरतोय का, सकाळी काही पोटात गेलंय का. कूलर नुसताच आवाज करत होता. तासाभराने तिने पुरवणी मागितली. मी दिली, सही केली आणि तिथेच थांबलो. ती लिहीत होती, मग थांबली, मान वर न करता हळू आवाजात म्हणाली,

"सर, तुम्ही इथं उभे राहिले का मले काही सुचत नाही."

मी पुढच्या बाकाकडे गेलो.