फटफटी करवतीचं वर्म

वर्कशॉपमध्ये किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. लोखंडाचा कीस संध्याकाळी झाडून काढता येतो, किस्से मात्र कोपऱ्यात साचतच जातात. मग दोन जुने फिटर एखाद्या लग्नात भेटले, की पंगत उठेपर्यंत तेच सुरू! भाऊ मिस्त्रीच्या वर्कशॉपचे माझ्याकडे इतके साचलेत, की बायको म्हणते, "आता थोडे भंगारात द्या!"

वर्कशॉप नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत होतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. भाऊ मालक, वासुदेव लेथवर आणि मी फिटर. बस, एवढाच पसारा.

भाऊ पिढीजात विणकराच्या घरातला. हातमागावर बसणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. भाऊला त्या खड्ड्यात बसणं जमेना, त्याचा जीव सगळा मशीनमध्ये. शेवटी त्याच्या वडिलांनी, म्हणजे बाबाजींनी, अट घातली. "जाय, खोल तुहं दुकान. पण ज्या दिवशी एक बी मशीन न सुधरता तुह्या दारातून वापस गेली, त्या दिवशी गुमान येऊन खड्ड्यात बसायचं!"

भाऊ हो म्हणाला. दोघंही शब्दाचे पक्के. त्यामुळे ही अट म्हणजे गंमत नव्हती, भाऊचं अख्खं दुकान तिच्यावर टांगलेलं होतं. गल्लीला मात्र फुकटचा तमाशा मिळाला. कोणी विचारलं, "काय म्हणते भाऊ?" की वासुदेव सांगायचा, "अजून त खड्ड्यात नाई गेला!"

* * *

काटोलकडचे एक बागाईतदार संत्र्याच्या बागेतलं ऑइल इंजिन घेऊन आले. एक नट गंजून असा बसला होता, की पान्याला दाद देईना. बागाईतदार बिडी ओढत म्हणाले, "भाऊ, जमत नसन त सांग गा. मी तुह्या बाबाजीच्या घरावरूनच जातो."

झालं! भाऊनं पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा भार टाकून लोंबकळला. करकर आवाज आला. आम्ही म्हटलं, सुटला! पाहतो तर नट जागच्या जागी आणि इंजिनासकट टेबलच फिरलेलं. वासुदेवचा चहा खाली.

भाऊनं घाम पुसला. "फिरलं ना काहीतरी! आता नटाचाच नंबर हाये."

मग त्यानं बागाईतदारांनाच टेबलावर बसवलं. चांगलं वजनदार गिऱ्हाईक होतं. नट सुटला! बागाईतदार उतरताना म्हणाले, "मजुरीतून माह्या वजनाचे पैसे कापजो."

* * *

आणि मग ती करवत आली. जंगलातली लाकडं घेणारे एक ठेकेदार विलायती पेट्रोलची करवत घेऊन आले. दोन माणसांनी धरायची, फटफटीसारखा आवाज करणारी. गल्लीनं लगेच बारसं केलं, फटफटी करवत!

तिच्या साखळीला तेल पोचत नव्हतं. आत एक छोटा पंप होता, आणि त्याला फिरवणारं स्क्रूच्या आट्यांसारख्या दात्यांचं एक बारीक गिअर. दाते झिजून गुळगुळीत. नवीन गिअर ठेकेदारांकडे डबीत तयार होतं, पण जुनं निघेल तर बसवणार ना! ते शाफ्टवर घट्ट बसलेलं, तेही अशा अरुंद खाचेत, की धड बोटही जाईना. ठोकावं तर शाफ्ट वाकणार. ओढून काढायचं खास हत्यार असतं म्हणे, पण ते नागपुरात कोणी पाहिलेलंही नव्हतं.

"शुक्रवारी माहा ट्रक मुंबईले जाऊन राहिला," ठेकेदार म्हणाले. "नाई निघालं त करवत त्याच्यात टाकतो. राग मानू नका."

भाऊ म्हणाला, "ट्रक रिकामाच जाईन."

आम्ही दोघांनी मात्र शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. कारण भाऊ खड्ड्यात म्हणजे आम्ही दोघं रस्त्यावर!

* * *

पहिला प्रयोग सायकलच्या स्पोकचा. भाऊनं दोन स्पोकांची टोकं वाकवून आकडे केले, ते गिअरच्या मागे अडकवले आणि वरून पट्टीतून नट आवळत आणले. डोकं पाहा माणसाचं! आवळता आवळता टणकन आवाज झाला. एक स्पोक तुटून वासुदेवच्या टोपीत घुसला.

वासुदेवनं टोपी काढून पाहिली. "भाऊ, गिअर काढून राहिला का माहा जीव?"

"स्पोक तुटला म्हणजे जोर बरोबर जागी लागून राहिला!" भाऊ खुशीत म्हणाला. "फक्त स्पोक कच्चा हाये."

वासुदेव त्या दिवसापासून लेथच्या पलीकडे उभा राहून बोलायला लागला.

* * *

मग भाऊला पक्कं लोखंड पाहिजे झालं. घर वर्कशॉपच्या मागेच. दुपारी तो आत गेला आणि चुलीजवळची सांडशी उचलून घेऊन आला. तिची तोंडं कानशीनं घासून पातळ केली, आत वाकवली. खरं सांगतो, त्या खाचेत ती अशी बसली की जणू त्यासाठीच घडवली होती! गिअर पकडीत आलं. पण ओढलं, की घसरायचं.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात चहाचं गंज, म्हणजे पातेलं, ते पदरानं धरलेलं, आणि चेहरा गंजापेक्षा गरम.

"माही सांडशी?"

भाऊ मान वर न करता म्हणाला, "थांब वं जरा. गिअर सुटलं की देतो."

"गिअर सुटन तवा सुटन! तुमी खड्ड्यात बसान तवा पोळ्या तरी लागतीनच ना? पहिले माही सांडशी सोडा!"

पण जाताना सांडशी त्यांनी नेली नाही. शुक्रवारपर्यंत पदरानंच भागवलं. त्या बाईचं मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं, आजही वाटतं.

* * *

शुक्रवारी सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा. ठेकेदारांचे मुनीम आत आले. त्यांना इंग्रजी येत होतं, म्हणून भाऊनं करवतीसोबत आलेलं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. मुनीमजी मोठ्यानं वाचायला लागले, "रिमूव्ह वर्म..."

"वॉर्म!" वासुदेव लेथच्या पलीकडून ओरडला. "वॉर्म म्हणजे गरम! गरम करून काढा म्हणते!"

भाऊला एवढंच पाहिजे होतं. पेट्रोलची टाकी आधीच काढून अंगणात ठेवलेली होती. त्यानं ब्लोलॅम्प पेटवला.

"अहो, गरम नाही!" मुनीमजी दारापर्यंत मागे सरकले. "वर्म म्हणजे किडा! त्या गिअरचं नावच किडा आहे!"

भाऊनं ज्योत बारीक करून गिअरवर धरली. "किडा असो का साप असो, मुनीमजी, शेकल्याशिवाय बिळातून बाहेर येत नसते!"

गिअर तापलं. मी करवत धरली. भाऊनं सांडशी घातली, दात-ओठ खाल्ले आणि ओढलं. टक! गिअर सांडशीत, शाफ्टला ओरखडासुद्धा नाही. मुनीमजींनी आधी गिअरकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, आणि पुस्तक हळूच मिटून ठेवलं.

* * *

नवीन गिअर बसलं, टाकी लागली, करवत सुरू झाली. गल्लीभर आवाज! साखळीवर तेल चकाकत होतं. ट्रक खरंच रिकामा गेला.

धूर विरला तेव्हा दारात बाबाजी उभे दिसले. ट्रक येणार हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. वासुदेव खुर्ची देत म्हणाला, "हारले ना बाबाजी! तुमचा खड्डा रिकामाच राह्यला!"

बाबाजी बसले. झिजलेलं गिअर हातात घेऊन बराच वेळ निरखत राहिले. मग भाऊकडे न पाहता म्हणाले, "वेळ असन त घरी चाल. मागावर कापड गुंडाळते त्या लाटेचं चाक जाम झालं. महिना झाला, माग बंद हाये."

भाऊ चमकलाच. "महिना? अन् मले काहून नाई सांगतलं, बाबाजी?"

बाबाजींनी गिअर टेबलावर ठेवलं.

"अन् तुह्याच्यानं नसतं सुटलं त?"